चेनकव्हरवरचं नाव

राजदीप खोब्रागडेनं 'सायकल रविवार'चा फॉर्म भरला तेव्हा तीन नावं लिहिली आणि 'सायकल चालवता येते का' या प्रश्नापुढं तिन्ही वेळा 'होय' ठोकून दिलं. स्वतःचं बरोबर होतं. भाची संघप्रियाचंही बरोबर होतं. आठ वर्षांची ती पोर एटापल्लीच्या गल्लीतून कुत्र्यांच्या पुढं सायकल काढायची. मधलं नाव बहिणीचं, रिनाचं. तिथं त्याचं पेन क्षणभरही अडखळलं नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस चौदा वर्षं मनातल्या मनात कुढत बसतो, तिच्याबद्दल साधी चौकशी करायचं त्याला सुचू नये, म्हणजे कमालच म्हणायची.

प्रज्ञानं, त्याच्या बायकोनं, शनिवारी दुपारी विचारलं होतं.

"रिनाताईले सांगतलं का तुमी?"

"त्यात सांगाचं काय? तिथी गेल्यावर समजते नं."

"आन् त्याईले जमते का, हे तरी?"

"माह्या बहिणीले मी वळखत नाई का?" तो म्हणाला. प्रज्ञाचा सातवा महिना होता, तिला वाद घालायचा कंटाळा आला होता.

चंद्रपुरातल्या काही हौशी डॉक्टर-मास्तरांनी मिळून हा सायकल रविवार सुरू केला होता. महिन्यातून एकदा, सकाळी साडेसहा ते नऊ, जटपुरा गेटपासून पठाणपुरा गेटपर्यंतचा रस्ता गाड्यांना बंद. एरवी जिथं ऑटोवाल्याच्या दोन शिव्या खाल्ल्याशिवाय पलीकडं जाता येत नाही, तिथं लेकरं, आया, आजोबा सायकली घेऊन निवांत हिंडायचे. शर्यत नाही, पहिला-दुसरा नाही. नियम दोनच. प्रत्येकाची सायकल वेगळी, डबलसीट चालणार नाही. आणि एका घरातल्यांनी शेवटची रेघ एकत्रच ओलांडायची, त्यांच्यातल्या सगळ्यात सावकाश माणसाच्या चालीनं. रेघ ओलांडली की घरातल्या सगळ्यांचा फोटो काढून तिथल्या तिथं छापून हातात द्यायचे.

राजदीप एका कोळसा खाणीच्या काट्यावर ट्रकांची वजनं लिहायचा. सायकल सुटून त्याला दहा वर्षं झाली होती. पण प्रज्ञाच्या डोहाळजेवणाला रिना येणार असं ठरलं आणि त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. शनिवारी कार्यक्रम, रविवारी बाराच्या बसनं ती परत. एटापल्लीच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाक करते, दोन दिवसांच्या वर सुटी मिळत नाही. म्हणजे हातात उरली ती रविवारची सकाळ, आणि त्या सकाळी राजदीपला तिची माफी मागायची होती.

समोर बसवून 'माह्यं चुकलं' म्हणणं त्याच्या जिवावर येत होतं. खोब्रागडेंच्या घरात तसलं बोलायची रीतच नव्हती. फारच वाईट वाटलं तर आपल्या ताटातला मासळीचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात सरकवायचा, झालं. सायकलवर मात्र दोघं शेजारी शेजारी चालतात, तोंडाकडं बघावं लागत नाही, आणि पुढचा रस्ता मोकळा असला की बोलणं आपोआप निघतं, असा त्याचा हिशेब होता. त्यानं जुन्या बाजारातून एक लेडीज सायकल आणली. ओळखीच्या मेकॅनिककडून नवे टायर टाकून घेतले. मग एका पेंटरला गाठून चेनकव्हरवर पांढऱ्या रंगात नाव लिहून घेतलं, 'रिना रामाजी खोब्रागडे'. नाव लिहून होईपर्यंत तो पेंटरच्या मागं उभाच होता.

हे नाव पूर्वीही एका चेनकव्हरवर होतं.

रिना आठवीत गेली तेव्हाची गोष्ट. सावली या तालुक्याच्या गावापुढं, वैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव. शाळा सावलीला, सहा किलोमीटर. गावोगावच्या पोरींनी शाळा सोडू नये म्हणून सरकारी योजनेतून सायकली आल्या, त्यातली एक रिनाला मिळाली. वडील, रामाजी, ती शाळेतून हातात धरून चालवत घरी घेऊन आले. बसून आणायला त्यांचं मन होईना. पुढच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली त्यांनी ती उभी केली. आई कांताबाईनं हँडलला झेंडूचा हार घातला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या भैयाजी पेंटरनं चेनकव्हरवर ऐटीत लिहिलं, 'कु. रिना रामाजी खोब्रागडे, वर्ग ८ वा', आणि खाली स्वतःच्या मर्जीनं एक कमळ काढलं. रंग वाळेपर्यंत माशी बसू नये म्हणून रिना दुपारभर उन्हात टॉवेल हलवत बसली.

पाचव्या दिवशी ती सायकल राजदीपकडं गेली.

कुणी हिसकावली नाही, कुणी आवाज चढवला नाही. राजदीप एकोणीस वर्षांचा होता, पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे सावलीच्या मैदानावर धावायचं, मग दुपारपर्यंत तिथल्याच अभ्यासिकेत बसायचं. पायी जाऊन धावलं तर धावायला पाय कुठून आणायचे? रामाजींनी रिनाला जवळ बसवलं. "एका सालाचा तं सवाल हाय बाई," ते म्हणाले, "दादा लागला का तुले नवी घेऊन देईन." रिनानं मान हलवली. पोरींनी शिकलंच पाहिजे यावर रामाजी दर जयंतीला अर्धा तास बोलायचे आणि मनापासून बोलायचे. त्यांना त्या दिवशी आपण काही वावगं करतोय असं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही.

मैदानावरच्या पोरांना मात्र आयतं खाद्य मिळालं. "काय वो कुमारी रिना, आल्या का धावाले?" राजदीप दोन दिवस हसला. तिसऱ्या दिवशी त्यानं घरामागं बसून करवतीच्या मोडक्या पात्यानं ते नाव खरवडलं, कमळासकट, आणि वरून काळा रंग फासला. संध्याकाळी रिना शाळेतून पायी आली. तिनं चेनकव्हरकडं पाहिलं, माठातलं पाणी प्यायली आणि चूल पेटवायला गेली. ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा राजदीपला वाटलं, चला, सुटलो. आता त्याला वाटायचं की त्या पोरीनं तेव्हा एखादं भांडं आपल्या डोक्यात घालायला हवं होतं.

त्या वर्षी शाळेत सायकलींची तपासणी झाली. साहेब येणार, सगळ्या पोरींनी सायकली घेऊन या, असा निरोप आला. राजदीपनं रिनाला मागं बसवून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं, हँडल तिच्या हातात दिलं आणि भिंतीबाहेरच्या चहाच्या टपरीवर घड्याळाकडं बघत थांबला. आत साहेबांनी पोरींचा फोटो काढला, रांगेत, आपापलं हँडल धरून. पुढं त्याची एकेक प्रत प्रत्येकीला मिळाली. फोटो झाल्यावर रिना सायकल धरून फाटकाबाहेर आली, राजदीपनं ती घेतली आणि अभ्यासिकेकडं पिटाळली. ती घरी कशी गेली, हे त्यानं विचारलं नाही.

एका सालाची तीन सालं झाली. पहिल्या भरतीत त्याची छाती पुरेशी फुगली नाही, दुसऱ्या वेळी धावण्यात मागं पडला, तिसऱ्या वेळी लेखी परीक्षेनं घात केला. रिनाचं दहावीला गणित राहिलं. पावसात अर्धे दिवस शाळा बुडायची, गणित कुठून सुटणार? पुढच्या हंगामात ती आईबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली आणि मग लग्न होऊन एटापल्लीला. तिची शाळा गेली ती गेलीच, वर राजदीपच्या अंगावर वर्दीही चढली नाही. हे दुसरं त्याला जास्त खायचं. साहेब झाला असता तर निदान सांगायला तोंड उरलं असतं.

आणि शनिवारी, डोहाळजेवणाच्या पंगतीत, संघप्रियानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"आई माह्या सायकलले कोनालेच हात लावू देत नाई. बाबाले बी नाई. चाबी पदराले बांधून ठेवते."

बायका खळखळून हसल्या. रिनाही हसली आणि पदराची गाठ मुठीत धरून पुरणपोळी वाढायला पुढच्या पानाकडं वळली. उद्या सकाळी बोलायचंच, असं राजदीपनं तिथं बसल्या बसल्या ठरवलं.

रविवारी सहाला ते तिघं ऑटोनं जटपुरा गेटला उतरले. गारठा चांगला होता. रिनानं प्रज्ञाचा सलवार-कुर्ता घातला होता, वर प्रज्ञाचीच शाल. आपण पोरीची गंमत बघायला चाललोय असं ती धरून चालली होती. संघप्रियाला आयोजकांनी एक लाल सायकल दिली आणि ती तिथल्या तिथं गोल फिरायला लागली. बॅरिकेडच्या आत गाणी वाजत होती, कुणी केळी वाटत होतं, पोलीसदादा कधी नाही ते हसतमुख उभे होते. दुकानांची शटरं खाली, ना हॉर्न ना धूर. एवढा रुंद होता होय हा रस्ता, असं राजदीपला वाटलं.

मेकॅनिकनं ती लेडीज सायकल, आणि राजदीपसाठी स्वतःची, गेटपाशी आणून ठेवली होती. राजदीपनं लेडीज सायकल रिनासमोर आणून स्टँडवर लावली आणि चेनकव्हर तिच्याकडं येईल अशी वळवली.

रिना वाकली. तिनं नाव वाचलं. 'रिना'वरून बोट फिरवत ती 'खोब्रागडे'पर्यंत गेली. लग्नानंतर ते आडनाव तिला कुणी लावलं नव्हतं.

"कोनाची हाय दादा?"

"तुही. बस."

तिनं आजूबाजूला पाहिलं. पन्नास-साठ घरं तिथं जमली होती. मग ती राजदीपजवळ सरकली आणि एकदम हळू बोलली.

"मले येत नाई."

"काय येत नाई?"

"सायकल."

राजदीप आधी हसला. "असं कसं येत नाई? तुह्याच तं नावाची होती..."

"नावाची होती," रिना म्हणाली. "शिकाले सायकल लागते नं दादा."

पाच दिवस. पाच दिवसांतले दोन नाव रंगवण्यात-वाळण्यात आणि दोन शेजारणींना दाखवण्यात गेले. नंतर ती सायकल रोज पहाटे निघून दुपारी यायची, आल्यावर राजदीप तिला कुलूप लावायचा, कारण पोरगी खेळायला घेईल आणि पंक्चर करून ठेवील. हे सगळं त्याला माहीत होतं. त्याचीच तर करणी होती. फक्त त्याची बेरीज त्यानं कधी केली नव्हती. आपण बहिणीला सहा किलोमीटर पायी चालायला लावलं एवढंच त्याच्या मनात होतं. ती हे कधी शिकलीच नाही, हे आत्ता, जटपुरा गेटखाली, सगळ्या चंद्रपूरसमोर त्याला कळलं.

"खोब्रागडे परिवार, चला, तुमचा नंबर!" माइकवाली पोरगी ओरडली.

"मी मांगून धरतो," राजदीप घाईनं म्हणाला. "तू बस तं खरी. पडू देनार नाई."

"एवढ्या लोकात? पडली-बिडली, हात मोडला, तं उद्या साठ लेकराइचा भात कोन रांधन?"

"मंग माह्या मांगं बस."

"डबलसीट नाही हं दादा," माइकवाली हसून म्हणाली. "एक माणूस, एक सायकल."

रिनानं स्टँड काढला आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. "मी अशीच धरून चालते. तू चालव, तुले सवय हाय."

टोमणा मारायचा म्हणून ती बोलली नव्हती. खरं तेच सांगत होती, आणि म्हणूनच राजदीपला ते सोसलं नाही. तोही आपल्या सायकलवर बसला नाही. दोघं सायकली हातात धरून कडेकडेनं चालायला लागले. बाजूनं घरंच्या घरं घंट्या वाजवत पुढं जात होती; एक आजोबा तर धोतर खोचून असे सुटले होते की त्यांचा नातू मागून "आबा, थांबा!" ओरडत होता. संघप्रिया पुढं जाऊन वळून यायची आणि आईला विचारायची, "आई, बसत काऊन नाई?" रिना म्हणायची, "तू जा, मी पाहून राह्यली तुले." आपल्या आईला सायकल येत नाही हे त्या लेकरालाही ठाऊक नव्हतं. एटापल्लीच्या गल्लीत तिला रिनानंच शिकवलं होतं, मागं धरून धावत.

गांधी चौक आला तरी राजदीपचं तोंड उघडेना. बोलायचं ठरवून आणलेलं सगळं वेगळ्याच गोष्टीचं होतं. शेवटी तो रस्त्याकडं बघत म्हणाला,

"रिना, माह्याकडून लय चुकलं. सायकल नेली. नाव बी खरवडलं. मले माफ कर."

रिना चार पावलं तशीच चालली.

"त्या तपासनीच्या दिवशी," ती म्हणाली, "साहेब बोलले, सगळ्या जनी मैदानाले एक चक्कर मारा. पोरी बसल्या न निंघाल्या. मी पोट दुखते म्हनून खाली बसली. मास्तरीन बाईनं पानी देल्लं. मले वाटलं, समजलं तं सायकल वापस नेतीन, आन् तुही भरती बुडन."

राजदीपला ती टपरी आठवली. चहा पीत आपण घड्याळाकडं बघत होतो, उशीर का होतोय म्हणून चिडत होतो, ते आठवलं.

"सायकल नेली त्याचा राग कवाच गेला," रिना पुढं म्हणाली. "बाबानं देल्ली, तू नेली. नाव पुसलं त्याचा बी गेला, दोन पोरं झाली, एक गेलं, कुठी ठेवते मानूस एवढा राग? पन मले येते का नाई, हे तुले आजपावेतो ठाऊक नाई. आपन एकाच घरात वाढलो दादा. याचा येऊन राह्यला राग. आता. इथी."

"मी शिकवतो तुले," राजदीप म्हणाला. "आतापासून. रस्ता खालीच हाय."

"बारा वाजता बस हाय दादा."

"मंग सायकल घेऊन जाय. बसवर टाकून देतो."

"आन् तिथी काय करू? रोज पुसून ठेवू?" रिना थांबली. शालीच्या टोकानं तिनं डोळे टिपले, नाकही पुसलं. "राहू दे इथीच. वहिनीले पोरगी झाली तं तिले दे. पन आधी चालवाले शिकव. मंग नाव टाक."

पठाणपुरा गेटला वळसा घालून ते परत फिरले. आता रस्ता बराच रिकामा झाला होता. एका ठिकाणी रिनाच्या सायकलचं पायडल तिच्या पोटरीला लागलं. राजदीपनं हात पुढं केला, "दे, मी धरतो." तिनं हँडल सोडलं नाही. चालताना पायडल कुठं येतं, सायकल किती अंतरावर धरायची, हेसुद्धा तिला नीट माहीत नव्हतं. बघून त्याला रडू यायला लागलं, पण मधल्या रस्त्यावर रडायची त्याला लाज वाटली.

नऊला दहा मिनिटं कमी असताना तिघांनी जटपुरा गेटपाशी रेघ ओलांडली. संघप्रियाही शेवटी उतरली होती, घरच्यांच्या चालीनं चालायचं हा नियम तिनं मनावर घेतला होता. माइकवालीनं टाळ्या वाजवायला लावल्या. "खोब्रागडे परिवार, सगळ्यात शेवटी, पण एकत्र!" लोकांनी कौतुकानं टाळ्या दिल्या. त्यांना ते फार गोड वाटलं असणार.

फोटोग्राफर पुढं आला. "ताई, तुम्ही मधात या. बसता नाही आलं तरी चालते. नुसतं हँडल धरून उभ्या राहा."

राजदीपनं रिनाकडं बघितलं. तिनं सायकल त्याच्याजवळ आणली, त्याचा हात घेऊन हँडलवर ठेवला आणि बाजूला झाली.

"मामा-भाचीचा काढा भाऊ," ती फोटोग्राफरला म्हणाली. "मले नको. तसा फोटू हाय माह्याजवळ."

बाराच्या बसनं ती गेली. छापलेला फोटो राजदीपच्या खिशातच राहिला होता. घरी आल्यावर प्रज्ञानं तो मागून घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. फोटोत संघप्रिया दात काढून हसत होती, आणि शेजारी राजदीप रिनाच्या नावाची सायकल धरून उभा होता.